सी भाषेत टीसीपी कनेक्शन नीट कसं उघडायचं

दुसऱ्या यंत्राशी टीसीपी कनेक्शन (बाइट क्रमाने पोचवणारी नेटवर्कवरची जोडणी) उघडायचं म्हणजे ‘सॉकेट’ आणि ‘कनेक्ट’ हे दोन कॉल करायचे, असं बहुतेक उदाहरणांत दिसतं. सर्व्हर चालू असेल, जवळ असेल आणि वाटेत काही अडथळा नसेल तर तेवढ्यावर भागतंही. पण नेमसर्व्हर (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) उत्तर देईनासा झाला, मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळली किंवा यादीतला पहिलाच पत्ता बंद निघाला, की तोच प्रोग्रॅम दोन मिनिटं गप्प बसतो आणि शेवटी भलतंच कारण सांगतो. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रोग्रॅम कुठे अडू शकतो आणि किती वेळ अडू शकतो, हे आधी माहीत हवं. आणि या सगळ्या पायऱ्यांना मिळून एकच मुदत हवी, ती आपल्या प्रोग्रॅमने ठरवलेली. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आणि लायब्ररी यांच्या आपापल्या मुदती असतात, पण त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

खालचं सगळं लिनक्स आणि ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) धरून लिहिलं आहे. सॉकेटचे कॉल १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून आलेले असल्यामुळे मॅकओएस आणि बीएसडी घराण्यात बराचसा भाग तसाच लागू पडतो.

नावावरून पत्ता

जुन्या पुस्तकांतला ‘गेटहोस्टबायनेम’ वापरू नका. तो फक्त आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या जातीचे, पत्ते देतो आणि उत्तर एका सामायिक बफरमध्ये ठेवतो. दोन थ्रेडनी एकाच वेळी बोलावला तर एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हाती जातं. पॉझिक्स या युनिक्स-प्रमाणाच्या २००८ च्या आवृत्तीतून तो काढूनही टाकला आहे. त्याच्या जागी ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ वापरा.

त्याला द्यायचं ‘हिंट्स’चं स्ट्रक्चर आधी ‘मेमसेट’ने पूर्ण शून्य करा. स्टॅकवरचा कचरा त्यात राहिला तर कॉल कधी चालतो, कधी ‘ईएआय_बॅडफ्लॅग्स’ देतो, आणि असा दोष शोधायला फार त्रास होतो. मग ‘एआय_फॅमिली’मध्ये ‘एएफ_अनस्पेक’ भरा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ (नवी जात) दोन्ही पत्ते येतील. ‘एआय_सॉकटाइप’मध्ये ‘सॉक_स्ट्रीम’ भरायला विसरू नका. ते शून्य राहिलं तर प्रत्येक पत्ता तीनदा येतो: एकदा स्ट्रीमसाठी, एकदा डेटाग्रामसाठी, एकदा रॉसाठी. मग आपला लूप टीसीपीच्या जागी यूडीपी (कनेक्शन न जोडता सुटी पॅकेट पाठवणारा प्रोटोकॉल) सॉकेट उघडतो, आणि यूडीपीवरचा ‘कनेक्ट’ एकही पॅकेट न पाठवता लगेच यशस्वी होतो. कनेक्शन झालं असं वाटतं, पण पलीकडे कोणालाच काही कळलेलं नसतं.

‘एआय_अ‍ॅड्रकॉन्फिग’ हा फ्लॅग लावला तर ज्या यंत्रावर आयपीव्ही६ चा पत्ताच नाही तिथे आयपीव्ही६ ची उत्तरं येत नाहीत. सहसा तो लावावा. नावाऐवजी आकडी पत्ताच येणार अशी खात्री असेल तर ‘एआय_न्यूमेरिकहोस्ट’ लावा. मग नेमसर्व्हरकडे विचारणा होतच नाही. पोर्ट मात्र नेहमी स्ट्रिंग म्हणून द्यायचा, "४४३" असा. संख्या देऊन चालत नाही.

परत येणारी किंमत ० असेल तरच यश. इथे लोक सर्रास चुकतात, कारण बाकीच्या सिस्टिम कॉलसारखं इथे −१ येत नाही आणि ‘एर्नो’ या चुकीचा आकडा ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्येही कारण लिहिलेलं नसतं. परत आलेला आकडाच ‘जीएआय_स्ट्रएरर’ला द्यायचा. अपवाद एकच: ‘ईएआय_सिस्टिम’ आलं तर ‘एर्नो’ बघा. ‘ईएआय_नोनेम’ म्हणजे असं नाव नाही. पुन्हा विचारून उपयोग नाही. ‘ईएआय_अगेन’ म्हणजे नेमसर्व्हरकडून उत्तर मिळालं नाही. थोडं थांबून पुन्हा विचारायला हरकत नाही. या दोन्हींना लॉगमध्ये ‘डीएनएस एरर’ असं एकच लेबल लावू नका. पहिल्यात बहुधा कॉन्फिगरेशनमधलं नाव चुकलेलं असतं, दुसऱ्यात नेटवर्क बिघडलेलं असतं.

आता वेळेचा प्रश्न. ‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ला मुदत देण्याची सोयच नाही. ग्लिबसी एका नेमसर्व्हरसाठी ५ सेकंद थांबते आणि २ वेळा प्रयत्न करते. म्हणजे ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये एकच सर्व्हर असेल आणि तो मुका असेल तर १० सेकंद गेली. सर्व्हर जास्त असतील तर आणखी. त्या फाइलमध्ये ‘ऑप्शन्स’च्या ओळीत ‘टाइमआउट’ आणि ‘अटेम्प्ट्स’ कमी करता येतात, पण तो बदल सगळ्या यंत्रासाठी होतो. फक्त आपल्या प्रोग्रॅमपुरतं करायचं असेल तर हा कॉल वेगळ्या थ्रेडमध्ये चालवा आणि मुख्य थ्रेडने कंडिशन व्हेरिएबलवर आपल्या मुदतीइतकंच थांबावं. मुदत संपली तर त्या थ्रेडला मारू नका. लायब्ररीच्या आत लॉक धरलेला असताना थ्रेड मारला तर पुढचा प्रत्येक कॉल अडकतो. त्याला ‘उत्तर नको’ अशी खूण करून सोडून द्या. काम संपलं की तोच आपली यादी ‘फ्रीअ‍ॅड्रइन्फो’ने मोकळी करेल. हजारो नावं शोधायची असतील तर थ्रेडच्या या खटाटोपापेक्षा सी-एरेससारखी असिंक्रोनस लायब्ररी बरी.

पत्ता स्वतः भरताना

कधी ‘सॉकअ‍ॅड्र_इन’ हाताने भरावं लागतं. तेव्हा पोर्टला ‘एचटॉन्स’ लावायलाच हवं. इंटेल किंवा आर्म प्रोसेसरवर ते विसरलात तर ८० च्या जागी २०४८० आणि ४४३ च्या जागी ४७८७३ या पोर्टला हाक जाते, कारण दोन बाइटची अदलाबदल होते. ‘एसएस’ किंवा ‘टीसीपीडंप’ या नेटवर्क पाहण्याच्या साधनांमध्ये हे आकडे दिसले तर कारण शोधत बसू नका, हेच आहे.

दुसरी चूक जागेची. ‘सॉकअ‍ॅड्र’ १६ बाइटचं, आयपीव्ही६ चं ‘सॉकअ‍ॅड्र_इन६’ २८ बाइटचं. पत्ता साठवण्यासाठी ‘सॉकअ‍ॅड्र’ घेतलंत तर आयपीव्ही६ त्यात मावत नाही आणि मागचे १२ बाइट कापले जातात. कुठल्याही जातीचा पत्ता ठेवायचा तर १२८ बाइटचं ‘सॉकअ‍ॅड्र_स्टोरेज’ घ्या. ‘कनेक्ट’ला लांबी देताना मात्र त्या पत्त्याची खरी लांबी द्या, यादीतून आलेल्या पत्त्याबरोबर ती ‘एआय_अ‍ॅड्रलेन’मध्ये मिळते.

सॉकेट तयार करणं

‘सॉकेट’ला फॅमिली, प्रकार आणि प्रोटोकॉल हे तिन्ही यादीतल्या त्याच नोंदीतून द्या. प्रकाराबरोबर ‘सॉक_क्लोएक्झेक’ आणि ‘सॉक_नॉनब्लॉक’ हे दोन्ही फ्लॅग ऑर करा, लिनक्स २.६.२७ पासून ते चालतात. पहिला फ्लॅग नसेल तर ‘फोर्क’ आणि ‘एक्झेक’ने सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमकडे आपल्या सॉकेटची प्रत जाते. मग आपण ‘क्लोज’ केलं तरी कनेक्शन बंद होत नाही, कारण दुसऱ्या प्रोसेसकडे ते उघडंच असतं. नंतर ‘एफसीएनटीएल’ने तोच फ्लॅग लावता येतो, पण मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने ‘फोर्क’ केलं तर गळती होतेच.

परत आलेला डिस्क्रिप्टर (कर्नलने उघड्या सॉकेटला दिलेला आकडा) −१ आहे का, एवढंच तपासा. ० हा वैध डिस्क्रिप्टर आहे. स्टँडर्ड इनपुट बंद करून चालणाऱ्या डीमनमध्ये (पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) तो खरोखर मिळतो. ‘ईएमफाइल’ आलं तर आपल्या प्रोसेसची डिस्क्रिप्टर मर्यादा संपली. ती बहुतेक ठिकाणी १०२४ असते. ‘यूलिमिट −एन’ने बघता येते. ती वाढवण्याआधी अपयशी प्रयत्नांनंतर ‘क्लोज’ करायचं राहून जातंय का, ते तपासा.

‘कनेक्ट’ आत काय करतो

टीसीपीसाठी ‘कनेक्ट’ सिन पॅकेट (कनेक्शनची पहिली विनंती) पाठवतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आलं नाही तर लिनक्स सिन पुन्हा पाठवतो: १ सेकंदाने, मग दर वेळी दुप्पट थांबून, असं ६ वेळा. १, २, ४, ८, १६, ३२ आणि शेवटची ६४ सेकंद मिळून १२७ सेकंदांनी ‘ईटाइम्डआउट’ येतं. नव्या कर्नलमध्ये सुरुवातीच्या काही फेऱ्या सेकंदासेकंदाने होतात, तरी एकूण वेळ दोन मिनिटांच्या वरच राहतो. माणूस समोर बसलेला असेल किंवा वर दुसरी सेवा आपली वाट बघत असेल, तर दोन मिनिटं कुठल्याच कामाची नाहीत.

अपयशाचे प्रकार नीट ओळखा, त्यावरून पुढचं पाऊल ठरतं.

‘ईकनरिफ्यूज्ड’ लगेच येतं. पलीकडचं यंत्र जिवंत आहे, पण त्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. किंवा फायरवॉलने स्पष्ट नकार पाठवला आहे. पोर्ट चुकला आहे का, सेवा बंद आहे का, की ती फक्त १२७.०.०.१ वरच ऐकते आहे, ते बघा.

‘ईटाइम्डआउट’ म्हणजे काहीच उत्तर नाही. फायरवॉल पॅकेट गिळते आहे, यंत्र बंद आहे, किंवा सर्व्हरची ‘लिसन’ची (अजून न स्वीकारलेल्या कनेक्शनची) रांग भरली आहे. हे तिसरं कारण फार कमी लोकांना सुचतं. लिनक्समध्ये रांग भरली की कर्नल नकार देत नाही, नुसतं गप्प राहतो. त्यामुळे कामाच्या ओझ्याखाली दबलेला सर्व्हर आणि बंद पडलेला सर्व्हर बाहेरून सारखेच दिसतात.

‘ईनेटअनरीच’ म्हणजे आपल्याच यंत्राकडे तिकडे जायचा मार्ग नाही. आयपीव्ही६ अर्धवट बसवलेल्या यंत्रावर हे हमखास दिसतं. ‘ईहोस्टअनरीच’ बहुतेक वेळा वाटेतल्या राउटरने कळवलेलं असतं, किंवा त्याच लॅनवरचं यंत्र एआरपीला (‘हा आयपी पत्ता कोणाचा’ या विचारणेला) उत्तर देत नसतं. ‘ईपर्म’ किंवा ‘ईअ‍ॅक्सेस’ आलं तर आपल्या यंत्रावरचे फायरवॉलचे नियम आधी बघा.

‘ईइंटर’ वेगळंच प्रकरण आहे. सिग्नलमुळे ‘कनेक्ट’ मध्येच परतला, पण कनेक्शनचं काम कर्नलमध्ये चालूच असतं. ‘रीड’ला जशी पुन्हा हाक मारतो तशी इथे मारू नका. पुढे नॉनब्लॉकिंगसाठी जे सांगितलं आहे तेच इथेही करायचं: ‘पोल’ने सॉकेट तयार होईपर्यंत थांबा आणि निकाल विचारा.

आणि यशाचा अर्थही मर्यादितच आहे. ‘कनेक्ट’ यशस्वी झाला म्हणजे पलीकडच्या कर्नलने हँडशेक (जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण) पूर्ण केला, एवढंच. तिथल्या प्रोग्रॅमने ‘अ‍ॅक्सेप्ट’ केलंच आहे असं नाही. तो अडकून पडला असेल तरी रांगेत जागा असेपर्यंत कनेक्शन होत राहतात. म्हणून सेवा ‘जिवंत’ आहे का हे तपासताना नुसतं कनेक्शन उघडून समाधान मानू नका, एखादी छोटी विनंती पाठवून उत्तर वाचा.

मुदतीसह कनेक्ट

सॉकेट नॉनब्लॉकिंग (कॉल वाट न बघता लगेच परतेल असं) असेल तर ‘कनेक्ट’ बहुधा लगेच −१ देऊन परततो आणि ‘एर्नो’मध्ये ‘ईइनप्रोग्रेस’ असतं. ही चूक नाही. काम सुरू झालं, एवढाच त्याचा अर्थ. क्वचित ०ही येतो, विशेषतः त्याच यंत्रावरच्या सर्व्हरशी जोडताना. तीही शाखा कोडमध्ये ठेवा. मग ‘पोल’मध्ये ‘पोलआउट’ची वाट बघायची.

‘पोलआउट’ आला म्हणजे कनेक्शन झालं, असं समजणं ही या सगळ्या विषयातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे. कनेक्शन फसलं तरी सॉकेट लिहिण्याजोगं झालेलं दिसतं. खरा निकाल ‘गेटसॉकऑप्ट’ला ‘एसओएल_सॉकेट’ आणि ‘एसओ_एरर’ देऊन विचारायचा. ० आला तर कनेक्शन झालं. दुसरं काही आलं तर तोच ‘एर्नो’चा आकडा. आणि तो एकदाच वाचून व्हेरिएबलमध्ये ठेवा. वाचला की कर्नल तो पुसतो, त्यामुळे लॉगसाठी एकदा आणि तपासणीसाठी पुन्हा विचारलंत तर दुसऱ्या वेळी ० मिळतो आणि फसलेलं कनेक्शन यशस्वी ठरतं.

सांगाडा असा होतो:

मुदत = मोनोटॉनिक_वेळ() + ५००० मिलिसेकंद
यादी = पत्ते मिळवा (हाही वेळ मुदतीतूनच जातो)
यादीतल्या प्रत्येक पत्त्यासाठी:
    उरलेला = मुदत − मोनोटॉनिक_वेळ()
    उरलेला ≤ ० असेल तर: ‘मुदत संपली’ सांगून बाहेर पडा
    वाटा = उरलेला ÷ अजून न पाहिलेले पत्ते
    नवीन सॉकेट उघडा, नॉनब्लॉकिंग
    कनेक्ट करा
        ० आला: झालं
        ईइनप्रोग्रेस किंवा ईइंटर: वाटा संपेपर्यंत पोल करा
            पोल ईइंटर देऊन परतला: उरलेला वाटा मोजून पुन्हा पोल
            पोल ० देऊन परतला: या पत्त्याचा वाटा संपला
            पोलआउट, पोलएरर किंवा पोलहप: एसओ_एरर वाचा
        दुसरं काही: कारण नोंदवा
    फसलं असेल तर सॉकेट बंद करून पुढचा पत्ता
यादी मोकळी करा

यातल्या तीन जागा नाजूक आहेत. वेळ ‘क्लॉक_मोनोटॉनिक’ची, म्हणजे सतत पुढेच जाणाऱ्या घड्याळाचीच घ्या, यंत्राची नेहमीची तारीख-वेळ एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) मागेपुढे सरकते आणि मुदत ताणली किंवा आटली जाते. दुसरं, ‘पोल’ला ऋण आकडा गेला तर तो अनंतकाळ थांबतो. उरलेला वेळ मोजताना −३ आला आणि तो तसाच पुढे दिला, तर मुदत संपल्या क्षणी प्रोग्रॅम कायमचा गोठतो. ऋण आलं तर ० करा. तिसरं, नॅनोसेकंदांचे मिलिसेकंद करताना वरच्या बाजूला पूर्णांक घ्या. खाली घेतलात तर शेवटच्या मिलिसेकंदात ‘पोल’ ० मुदतीने गरगरत राहतो.

‘पोल’च्या जागी ‘सिलेक्ट’ वापरू नका. ग्लिबसीत त्याचा संच १०२४ डिस्क्रिप्टरपुरताच असतो. १०२४ किंवा त्यापुढचा डिस्क्रिप्टर त्यात घातला तर शेजारची मेमरी बिघडते, आणि दोष भलत्याच फंक्शनमध्ये उगवतो. ‘ईपोल’ वापरत असाल तर सॉकेटची नोंद ‘कनेक्ट’ केल्यानंतर करा. न जोडलेलं सॉकेट लगेच ‘पोलहप’ दाखवतं, आणि आपला कोड त्याला अपयश समजतो.

एका पत्त्यावर फसलेलं सॉकेट दुसऱ्या पत्त्यासाठी पुन्हा वापरू नका. अपयशानंतर त्याची अवस्था काय असेल ते पॉझिक्सने ठरवलेलं नाही. बंद करा, नवीन उघडा. ‘क्लोज’ करण्याआधी ‘एर्नो’ बाजूला काढून ठेवा, नाहीतर ‘क्लोज’च त्यावर लिहून जातो.

एवढं नॉनब्लॉकिंगचं कोड नको असेल आणि प्रोग्रॅम फक्त लिनक्सवर चालणार असेल, तर एक आडवाट आहे. ब्लॉकिंग सॉकेटवर ‘कनेक्ट’च्या आधी ‘एसओ_स्नडटाइमओ’ लावा. मुदत संपली की ‘कनेक्ट’ ‘ईइनप्रोग्रेस’ देऊन परततो. मग सॉकेट बंद करून टाकायचं. छोट्या साधनांना हे पुरतं. तीच मुदत पुढे ‘सेंड’लाही लागू राहते, हे मात्र लक्षात ठेवा.

एकाहून जास्त पत्ते असतील तेव्हा

‘गेटअ‍ॅड्रइन्फो’ ठरलेल्या नियमांनी पत्ते क्रमवार लावून देतो, त्यामुळे यादी त्याच क्रमाने बघणं योग्य. पण आयपीव्ही६ मोडलेलं असेल तर पहिले काही पत्ते आपापला वाटा गिळतात आणि वापरणाऱ्याला प्रत्येक कनेक्शन रखडलेलं दिसतं. यावरचा उपाय २०१७ च्या आरएफसी ८३०५ मध्ये आहे (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज). ‘हॅपी आयबॉल्स’ हे त्याचं प्रचलित नाव. दोन्ही जातींचे पत्ते आलटूनपालटून लावायचे, पहिला प्रयत्न सुरू करायचा, आणि २५० मिलिसेकंदांत निकाल लागला नाही तर तो चालू ठेवूनच दुसरा सुरू करायचा. एखादा प्रयत्न मधेच फसला तर पुढचा लगेच सुरू करायचा, २५० मिलिसेकंद भरायची वाट बघायची नाही. जे सॉकेट आधी जोडलं जाईल ते ठेवायचं, बाकीची बंद करायची. वरच्या सांगाड्यात एका डिस्क्रिप्टरऐवजी ‘पोलएफडी’ची रांग घेतली की हे बसतं. वापरणारा माणूस समोर असलेल्या प्रोग्रॅममध्ये हे करावंच. एकाच डेटा सेंटरमधल्या सेवांना वाट्यांची साधी पद्धत पुरते.

सगळे पत्ते फसले तर फक्त शेवटचं कारण दाखवू नका. पहिला पत्ता ‘ईटाइम्डआउट’ने गेला आणि शेवटचा ‘ईनेटअनरीच’ने, तर शेवटचं कारण दिशाभूल करतं. प्रत्येक पत्ता आणि त्याचं कारण लॉगमध्ये यायला हवं.

पोर्ट संपणं आणि स्वतःशीच जोडलं जाणं

‘कनेक्ट’ करताना आपल्या बाजूचा पोर्ट कर्नल निवडतो. लिनक्समध्ये ही श्रेणी मुळात ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे २८२३२ पोर्ट. जी बाजू आधी बंद करते तिच्याकडे कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेटमध्ये (बंद झाल्यावरच्या थांबण्याच्या अवस्थेत) राहतं. एकाच सर्व्हरच्या एकाच पोर्टशी सतत कनेक्शन उघडत आणि आपणच बंद करत राहिलात, तर सेकंदाला साधारण ४७० नंतर पोर्ट उरत नाहीत आणि ‘कनेक्ट’ ‘ईअ‍ॅड्रनॉटअव्हेल’ देतो. पोर्टची श्रेणी वाढवून थोडा श्वास मिळतो, पण खरा उपाय एकच: कनेक्शन उघडी ठेवून पुन्हा वापरा. निघण्याचा पत्ता ठरवण्यासाठी ‘कनेक्ट’आधी ‘बाइंड’ करत असाल तर ‘आयपी_बाइंड_अ‍ॅड्रेस_नो_पोर्ट’ लावा (लिनक्स ४.२ पासून). नाहीतर कर्नल ‘बाइंड’च्या वेळीच पोर्ट अडवतो, तेव्हा त्याला पलीकडचा पत्ता माहीत नसतो, आणि एकच पोर्ट वेगवेगळ्या सर्व्हरसाठी वापरायची संधी जाते.

याच श्रेणीतून एक विलक्षण बिघाड निघतो. समजा, आपली सेवा त्याच यंत्रावर ४५००० पोर्टवर असते, ती सध्या बंद आहे, आणि क्लायंट लूपमध्ये पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो आहे. कधीतरी कर्नल क्लायंटला निघण्याचा पोर्ट म्हणून नेमका ४५०००च देतो. सिन पॅकेट त्याच सॉकेटकडे परत येतं, टीसीपीतल्या दुतर्फी उघडण्याच्या नियमाने ते कनेक्शन पूर्ण होतं, आणि क्लायंट स्वतःशीच बोलू लागतो. जे पाठवावं तेच वाचायला मिळतं. आता खरी सेवा सुरू व्हायला जाते तर ‘बाइंड’ ‘ईअ‍ॅड्रइनयूज’ देतो. आपल्या सेवांचे पोर्ट ३२७६८ च्या खाली ठेवा. ते शक्य नसेल तर कनेक्शन झाल्यावर ‘गेटसॉकनेम’ आणि ‘गेटपीअरनेम’ यांची तुलना करा. पत्ता आणि पोर्ट दोन्ही सारखे निघाले तर बंद करा.

कनेक्शन झाल्यावर लगेच

विनंती आणि उत्तर अशी छोटी देवाणघेवाण असेल तर ‘टीसीपी_नोडिले’ लावा. १९८४ च्या आरएफसी ८९६ मधला नेगलचा अल्गोरिदम आधीच्या बाइटांची पोच येईपर्यंत पुढचा छोटा तुकडा रोखून धरतो, आणि पलीकडे पोच उशिरा पाठवण्याची पद्धत असते. दोन्ही एकत्र आल्या की लिनक्सवर ४० मिलिसेकंदांचा ठरावीक विलंब दिसतो. हेडर आणि मजकूर दोन वेगळ्या ‘राइट’ने पाठवणाऱ्या कोडमध्ये तो हमखास सापडतो. ‘राइटव्ही’ने दोन्ही एकत्र पाठवणं त्याहून चांगलं.

बराच वेळ शांत राहणाऱ्या कनेक्शनवर ‘एसओ_कीपअलाइव्ह’ लावा, पण मूळ आकड्यांवर विसंबू नका. पहिली चाचणी ७२०० सेकंदांनी, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९. म्हणजे मेलेलं कनेक्शन ओळखायला २ तास ११ मिनिटं १५ सेकंद. ‘टीसीपी_कीपआयडल’ ६०, ‘टीसीपी_कीपइंटव्हल’ १० आणि ‘टीसीपी_कीपसीएनटी’ ५ केलं की ते ११० सेकंदांत कळतं. पाठवलेला पण पोच न मिळालेला डेटा बाकी असेल तर कीपअलाइव्ह चालत नाही. तेव्हा पुनःप्रेषणाचा हिशेब लागतो आणि तो मूळ मांडणीत १५ मिनिटांच्या आसपास जातो. त्यासाठी ‘टीसीपी_यूझर_टाइमआउट’ मिलिसेकंदांत द्या.

‘सेंड’ला ‘एमएसजी_नोसिग्नल’ द्या, नाहीतर पलीकडच्याने कनेक्शन तोडल्यावर ‘सिगपाइप’ आपली प्रोसेसच मारतो. ‘सेंड’ने सगळे बाइट घेतलेच असं नसतं, परत आलेल्या आकड्याइतकं पुढे सरकून उरलेलं पाठवा. ‘रिसीव्ह’ने ० दिला तर पलीकडच्याने पाठवणं संपवलं. आणि टीसीपीत संदेशाच्या सीमा नसतात; दोन ‘सेंड’ एका ‘रिसीव्ह’मध्ये येतील किंवा एक ‘सेंड’ तीन तुकड्यांत येईल. लांबी आधी पाठवा किंवा शेवटाची खूण ठरवा.

बंद करताना

रिसीव्ह बफरमध्ये न वाचलेला डेटा असताना ‘क्लोज’ केलं तर लिनक्स साध्या फिनऐवजी (नीट समाप्तीऐवजी) आरएसटी (तडकाफडकी तोडणी) पाठवतो, आणि आपण शेवटी पाठवलेलं उत्तर पलीकडच्याने वाचण्याआधीच हरवू शकतं. नीट क्रम असा: पाठवून झालं की ‘शटडाउन’ला ‘शट_डब्ल्यूआर’ द्या, ० येईपर्यंत वाचा (त्यालाही मुदत लावून), मग ‘क्लोज’ करा. लिनक्सवर ‘क्लोज’ने ‘ईइंटर’ दिलं तरी डिस्क्रिप्टर सुटलेला असतो. पुन्हा ‘क्लोज’ केलंत तर तोवर तो आकडा दुसऱ्या थ्रेडला मिळालेला असू शकतो आणि त्याची फाइल बंद होते.

सगळं चालतं का, ते कसं तपासायचं

सर्व्हर चालू असताना कोड चालतो, हे पाहून काहीच सिद्ध होत नाही. अपयश मुद्दाम घडवा. ‘.इनव्हॅलिड’ने संपणारं नाव द्या. ते कधीच कोणाला मिळणार नाही असं राखून ठेवलेलं आहे, त्यामुळे ‘ईएआय_नोनेम’ यायला हवं. १२७.०.०.१ वरचा रिकामा पोर्ट द्या, ‘ईकनरिफ्यूज्ड’ क्षणात यावं. १९२.०.२.१ हा पत्ता आरएफसी ५७३७ ने फक्त उदाहरणांसाठी राखला आहे. तिथे बहुधा उत्तर येत नाही, म्हणून आपली ५ सेकंदांची मुदत बरोबर ५ सेकंदांनी लागते का, ते तिथे कळतं. एखाद्या नेटवर्कचा राउटर त्या पत्त्याला लगेच नकार कळवतो. तसं झालं तर चाचणीच्या यंत्रावर ‘आयपीटेबल्स’ने एखाद्या पोर्टची पॅकेट ‘ड्रॉप’ करा. रांग भरल्याचा अनुभव घ्यायचा तर ‘लिसन’ला रांगेची लांबी १ देऊन ‘अ‍ॅक्सेप्ट’ कधीच न करणारा छोटा सर्व्हर लिहा. पहिली काही कनेक्शन यशस्वी होतील, पुढची मुदत संपेपर्यंत लटकतील.

प्रत्येक चाचणी सिस्टिम कॉल दाखवणाऱ्या ‘एसट्रेस −एफ −ई ट्रेस=नेटवर्क,पोल’खाली चालवा. −एफ नसेल तर दुसऱ्या थ्रेडमधले कॉल दिसत नाहीत. किती सॉकेट उघडली आणि मुदत कुठे गेली, हे तिथे ओळीओळीने दिसतं. उघडलेली सगळी बंद झाली का, हे पाहायला ट्रेसच्या यादीत ‘क्लोज’ही जोडा. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘एसएस −टीएएन’ लावून ठेवा. ‘सिन-सेंट’ अवस्था मुदतीनंतरही रेंगाळत असेल तर कुठल्यातरी अपयशाच्या शाखेत ‘क्लोज’ राहिला आहे. ‘क्लोज-वेट’ साठत असतील तर पलीकडच्याने बंद केलं आहे आणि आपण ० वाचूनही सॉकेट सोडलेलं नाही. ही चाचणी हजार वेळा लूपमध्ये चालवून शेवटी ‘प्रॉक’मधल्या आपल्या प्रोसेसच्या ‘एफडी’ फोल्डरमधले डिस्क्रिप्टर मोजा. आकडा सुरुवातीला होता तेवढाच यायला हवा.